तीट

"नाक पुढे, नाक! अगंबाई, याचं नाक कुठे गेलं? शालू, हा आज नाक घरीच विसरून आला वाटतं!"

पायरीवर बसलेल्या कमळाताईंनी समोरच्या पोराचं तोंड ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि फडक्याच्या आतून तो खिदळला. मागची रांग लगेच उतावीळ झाली.

"ताई, माझं पण नाक हरवलं!"

"माझं पण! माझे कान पण हरवले!"

"थांबा रे, सगळ्यांचं सगळं सापडवून देते. ढकलायचं नाही. कान हरवलेल्यांनी मागे उभं राहा, त्यांना वेळ लागतो."

डोंबिवलीतल्या आमच्या बालमंदिराचा दिवस असा सुरू व्हायचा. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. डोंबिवली म्हणजे तेव्हा गावच. स्टेशन सोडलं की भातखाचरं, विहिरी, मध्येच एखादी नवी चाळ. एका कौलारू घराची पुढची पडवी आणि मागची अंधारी खोली एवढंच आमचं बालमंदिर. ते चालवायच्या विमलाबाई. त्या रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या होत्या, शिस्तीच्या होत्या, पण मायाळू होत्या. मुलांनी आल्याबरोबर स्वच्छ व्हायचं, मग गाणी-गोष्टी, हा त्यांचा नियम. मी नुकतीच मॅट्रिक होऊन तिथे लागले होते. केस विंचरायचं आणि नखं पाहायचं काम माझ्याकडे आणि तोंडं कमळाताईंकडे. माझ्यासमोर मुलं रडत उभी राहायची, आणि कमळाताईंकडून तोंड पुसून घेतलेली मुलं पुन्हा रांगेत शिरायची. विमलाबाई आतून म्हणायच्या, "कमळाबाई, आवरा. तुमच्या तोंड धुण्यातच दुपार होईल." कमळाताई जीभ चावायच्या आणि पुढच्याचं नाक शोधायला लागायच्या.

मुलांना घरोघर जाऊन गोळा करून आणायची ती सगुणा. जवळच्या आगरी पाड्यातली, उंच, काळीसावळी, हातभर बांगड्या. दोन पोरं कडेवर, चार पदराला धरून ती यायची आणि पायरीशी सगळी ओतल्यासारखी सोडून द्यायची.

"घे गो बाय तुझी वानरं. यो एक खाचरात बेडूक धराया उतरला व्हता. मी पन उतरलू त्याच्यामागं. माझं पन तोंड पूस आता."

"ये, ये, रांगेत उभी राहा," कमळाताई म्हणायच्या, आणि सगुणा खरंच रांगेत उभी राहायची.

त्या रांगेत कमळाताईंचा आनंदही असायचा. चार वर्षांचा, गोरटेला. हसला की डोळे मिटून जायचे. बालमंदिरात आईलाही ताईच म्हणायचं, हा विमलाबाईंचा आणखी एक नियम, म्हणजे इतर मुलांना परकं वाटू नये. आनंद तो फार मनापासून पाळायचा. सुट्टी झाली की आईचा हात धरून फाटकापर्यंत गुपचूप जायचा, फाटक ओलांडलं की मान वर करून विचारायचा, "आता आई म्हणू?" कमळाताई "म्हण" म्हणाल्या की घरापर्यंत उगाचच "आई, आई" करत जायचा.

कमळाताईंचे यजमान परशुराम ठाकुर्लीच्या रेल्वेच्या वीजघरात फिटर होते. घरी सासूबाई. खाऊनपिऊन सुखी घर. मग ही बाई घरातलं सगळं उरकून धावत इथे का येते, याचं मला नवल वाटायचं. मी एकदा विचारलंही. दुपारी मुलं गेल्यावर आम्ही दोघी चटया झटकत होतो.

"अगं, घरी मी सून," त्या म्हणाल्या. "सासूबाई वाईट नाहीत हं. पण सुनेनं कसं बसायचं, कसं हसायचं, ते ठरलेलंच असतं. इथे मी आज सकाळी कोंबडी होते. पाहिलंस ना? पडवीभर पंख फडफडवत धावले. एवढी मोठी बाई! आणि कोणी काही म्हटलं नाही. उलट मुलं म्हणाली, ताई, अंडं पण घाल."

"घातलंत?"

"दोन घातली," त्या म्हणाल्या आणि चटई तोंडावर धरून हसत सुटल्या.

त्या वर्षी दिवाळी झाली, भातं कापून झाली. कमळाताईंच्या चाळीमागे खाचरात भाताची उडवी रचलेली होती. एका रविवारी मुलं तिच्याभोवती लपाछपी खेळत होती. आनंद उडवीच्या मागच्या बाजूला लपला आणि तिथे त्याला पान लागलं. साप कोणी पाहिलाही नाही. काही चावलं म्हणून तो रडत घरात आला आणि पाय पुढे करून बसला. त्याला घेऊन परशुराम कल्याणच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

कमळाताई आता यायच्या नाहीत, हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यांच्या जागी कोणाला घ्यावं, याचा विचार विमलाबाईंनी सुरू केला होता. पण सुतक फिटल्यावर एका सकाळी त्या आल्या. पदर खोचला, घंगाळात पाणी ओतलं, फडकं भिजवलं आणि पायरीवर बसल्या. विमलाबाई दारात उभ्या होत्या. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि तशाच आत गेल्या.

मुलांना असं जमत नाही. पहिल्याच मुलानं विचारलं, "ताई, आनंद कुठाय?"

"तो नाही येणार आता."

"उद्या?"

"उद्याही नाही. कधीच नाही."

"मग त्याचं आसन मी घेऊ? त्याच्यावर पोपट आहे."

"घे," कमळाताई म्हणाल्या. "जपून वापर." आणि त्याचं तोंड पुसलं.

त्या दिवसांत त्या काम चोख करायच्या, पण तोंडं मुकाट्याने पुसायच्या. कोणाचं नाक हरवायचं नाही. मुलं थोडे दिवस वाट पाहत राहिली आणि मग त्यांनीच ते हातात घेतलं. रतन नावाची एक बोबडी पोरगी होती, कमळाताईंच्याच चाळीतली. तिने एकदा दोन्ही हातांनी नाक झाकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, माझं नाक कावल्यानं नेलं." कमळाताई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोणत्या कावळ्यानं? त्या समोरच्या? अरे ए, नाक दे आमचं!" आणि त्यांना हसू फुटलं. सगळी रांग हसली. कौलावरचा कावळा उडाला, तेव्हा तर पोरं लोळायलाच लागली.

दुपारी त्या मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या.

"शालू, मी हसले गं आज."

"हो, ताई."

"घरी घास उतरत नाही. रात्री हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात, सासूबाई देवापुढे. आणि इथे हसू येतं. म्हणजे मी कशी आई म्हणायची?"

मी एकोणीस वर्षांची होते. मी म्हटलं, "उद्या पण या."

"येणारच," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे जाऊ? इथे निदान श्वास तरी घेता येतो."

थंडी पडली तशी मुलं तीट लावून यायला लागली. आधी दोघं-तिघं, मग निम्मी, मग जवळजवळ सगळीच. कोणाच्या गालावर, कोणाच्या कपाळावर, कोणाच्या हनुवटीवर काजळाचा हा मोठा ठिपका. तान्ह्या बाळांना लावतात तशी, चालत्याबोलत्या मुलांना. मला वाटलं, एकीचं पाहून दुसरी लावत असेल. कमळाताईंनाही तसंच वाटलं. त्यांना तेवढाच नवा खेळ मिळाला.

"आज सगळ्या चंद्रांना डाग कसे पडले? चला, चंद्र घासायला घेऊ या!"

आणि त्या एकेक गाल ओल्या फडक्याने स्वच्छ पुसायच्या. काजळ चिवट, लवकर निघायचं नाही, मग कोपऱ्याने हलकेच घासायच्या, फुंकर घालायच्या. सकाळ संपेपर्यंत फडकं काळं व्हायचं. तोंड पुसणं हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी कधी अर्धवट केलं नाही.

एके दिवशी रतन आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला ताप भरला होता, अंगावर गोवर उमटला होता. गोवर गावात बऱ्याच घरी होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलांची रांग लागलेली असताना रतनची आई गोदा फाटकातून आत आली. गोदा आणि कमळाताई एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या. आनंद गेला तेव्हा कमळाताईंच्या घरी चूल पेटेपर्यंत पिठलंभात गोदानेच पोचवला होता. आता तिचे डोळे जागरणाने लाल होते.

"कमळाताई, एक विचारते. रतनच्या गालावरची तीट तुम्ही पुसता?"

"हो गं. रतनचा ताप कसा आहे?"

"सकाळी मी लावून पाठवते, दुपारी पोर येते ती गाल लख्ख. मग मी कानामागे लावली. तीही गेली."

"कानामागे मळ साठतो ना, म्हणून मी..."

"मळ नव्हता तो! तीट होती! मी माझ्या हातानं लावलेली!"

कमळाताई फडकं हातात धरून तिच्याकडे पाहत होत्या. त्यांना खरंच काही कळलेलं नव्हतं.

"पण एवढ्या मोठ्या पोरीला तीट कशाला, गोदा?"

गोदाने मान खाली घातली. तेवढ्यात सगुणा शेवटची पोरं घेऊन पोचली होती. ती गोदाकडे आणि कमळाताईंकडे पाहत राहिली, मग कडेवरचं पोर तिने खाली ठेवलं.

"गो बाय," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुना कोन सांगंल? तुझा पोर गेला ना. आता तू दुसऱ्यांच्या पोरांना हात लावतंस, तोंड पुसतंस. बाया भितात. तुझी नजर नको म्हनून लावतात. मना पन दोघी-तिघींनी सांगलं, तिला म्होरं बसू देऊ नको. मी बोललू, मी नाय सांगनार. तुमीच सांगा."

कमळाताईंनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. त्या सकाळच्या आठ-दहा गालांचं काजळ त्याला लागलेलं होतं. त्यांनी ते सावकाश घडी करून घंगाळाच्या काठावर ठेवलं आणि हात पदराखाली घेतले.

"मला वाईट का वाटत नाही?" गोदा रडायला लागली. "आनंद माझ्या अंगाखांद्यावर खेळला. पण पोरीचा जीव आहे हो. मी काय करू?"

"तू बरोबर केलंस," कमळाताई म्हणाल्या. "जा तू. पोरगी घरी एकटी असेल. अंगाला वारा लागू देऊ नकोस."

गोदा गेली. रांग अजून उभीच होती. रांगेतलं पहिलं पोर तोंड पुढे करून म्हणालं, "ताई, माझं?"

"शालू," कमळाताई म्हणाल्या, "आजपासून तोंडंही तूच पूस."

त्या आठवड्यात मुलं गळायला लागली. चार आया एकत्र येऊन विमलाबाईंना भेटून गेल्या. विमलाबाईंचा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता. त्या बायकांशी वाद घातला, रागावल्या, गोवर कसा होतो ते समजावून सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं कमी आली. शेवटी विमलाबाईंनी कमळाताईंना मागच्या खोलीत बोलावलं. मी तिथेच मणी निवडत होते.

"कमळाबाई, थोडे दिवस तुम्ही आतलं काम बघा. साधनं दुरुस्त करायची आहेत, आसनं उसवलीत. बायकांची मनं शांत झाली की पुन्हा आहेच."

"मुलांना हात न लावता?"

"थोडे दिवस."

"बरं," कमळाताई म्हणाल्या.

त्या आतल्या खोलीत बसायला लागल्या. आसनं शिवायच्या, मणी ओवायच्या. पडवीत आम्ही गाणं सुरू केलं की आत त्यांचा सुईचा हात थांबायचा. मी एकदा काही आणायला आत गेले, तर कोंबडीचं गाणं चाललेलं होतं आणि त्या भिंतीला टेकून ओठ हलवत होत्या, आवाज न करता. मला पाहून थांबल्या.

"शालू, खरं सांगशील?"

"काय, ताई?"

"आनंदला मी कधी तीट लावली नाही. सासूबाई म्हणायच्या, लाव गं, देखणा आहे. मी म्हणायची, हे जुनं झालं. विमलाबाई सांगतात ना, मुलांच्या तोंडावर काही फासू नये." त्यांनी दोरा दाताने तोडला. "लावायला हवी होती का गं?"

"ताई, साप का तीट बघून..."

"ते मला कळतं. कळत नाही असं नाही." त्यांनी सुईत पुन्हा दोरा ओवायला घेतला, तो काही जाईना. "पण लावली असती तर आज हे मनात आलं नसतं."

रतन बरी झाली. खपल्या पडल्या, पुन्हा बालमंदिरात यायला लागली, गालावर मोठा काळा ठिपका लावून. तो आता कोणी पुसत नव्हतं. मी त्याच्या भोवतीने फडकं फिरवायची. बायकांची मनं मात्र शांत झाली नाहीत. मार्चच्या सुमारास कमळाताईंनी सांगितलं की त्या काम सोडताहेत. कल्याणच्या पुढे निर्वासितांची छावणी होती, तिथे एका मंडळाने मुलांसाठी वर्ग काढला होता आणि तिथे जायला कोणी बाई तयार नव्हती.

"एवढ्या लांब?" मी म्हटलं. "आणि भाषा?"

"भाषा शिकेन. तिथे मला कोणी ओळखत नाही, शालू."

सगुणा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली. तिने त्यांच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि म्हणाली, "जा गो बाय. तिथल्या पोरांचीबी नाकं शोध." आणि दिवसभर मुलांवर खेकसत राहिली.

पुढे माझं लग्न झालं आणि मी कल्याणला पारनाक्यावर राहायला गेले. संसारात दोन वर्षं कशी गेली, कळलं नाही. एका दुपारी मनात आलं आणि मी टांगा करून छावणीत गेले. लढाईच्या वेळी लष्करासाठी बांधलेल्या त्या बराकी. एकेका बराकीत पडदे लावून कितीतरी कुटुंबं राहत होती. कमळाताईंचा वर्ग विचारत गेले, तर दुरूनच कोंबडीचा आवाज ऐकू आला.

त्या बराकीच्या ओट्यावर पंख पसरून धावत होत्या. केस थोडे पिकले होते, पदर खोचलेला. मागे पंधरा-वीस सिंधी पोरं पिल्लांसारखी. मला पाहून त्या धावत धावतच ओरडल्या, "शालू! थांब, अंडं घालून येते!"

मला रडू आलं आणि हसूही आलं. दोन वर्षांनी तेच माणूस पुरतं जिवंत झालेलं मी पाहत होते. मुलं पाणी प्यायला गेल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. त्या घाईघाईने सांगत होत्या. कोण पोरगा कसा चावायचा, कोणाला खेळायला अजून भीती वाटते. परशुराम बरे होते. सासूबाई गेल्या होत्या.

तेवढ्यात गळ्यात टेप घातलेली एक सिंधी बाई आली, ईश्वरी नावाची. शेजारच्या बराकीत ती शिवणयंत्र चालवायची. तिचा मुलगा येताना वाटेत काही पाहून मुका झाला होता आणि या वर्गात, कमळाताईंच्या मांडीवर बसून, पुन्हा बोलायला लागला होता. ते तिनेच मला सांगितलं, हातवारे करत, अर्धं हिंदीत, अर्धं सिंधीत.

"ताई कुछ लेती नहीं," ती म्हणाली. "इसलिये मैंने सोचा, दिवाली पर इसके बेटे को कपडा बनाऊं. वो गाव में है ना, मौसी के पास. वहाँ पढता है. ताई का दिल देखो, अपना उधर, और दिनभर हमारे बच्चों के साथ!"

मी कमळाताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. डोळे हलत नव्हते.

ईश्वरी माझ्याजवळ सरकली. "बहन, तू इसके गाव की है? तूने देखा है इसका बेटा?"

"हो," मी म्हटलं. "देखा है."

"कैसा है?"

"गोरा है. हसतो तेव्हा डोळे मिटतात त्याचे."

ईश्वरीला मराठी कितपत कळलं कोण जाणे, पण ती खूश झाली. कमळाताईंनी मान वळवून पदराने कपाळ पुसलं.

"कितना लंबा हो गया अब?" ईश्वरीने गळ्यातली टेप काढली. "नाप बताओ ना, ताई. पजामा छोटा नहीं होना चाहिये."

कमळाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी उजवा हात बाजूला हवेत आडवा धरला, तळवा खाली करून, कमरेच्या थोडा खाली. क्षणभर त्या हाताकडे पाहिलं. मग तो चार बोटं वर नेला.

"एवढा," त्या म्हणाल्या. "आता एवढा झाला असेल."

ईश्वरी खाली बसली. टेपचं एक टोक तिने पायाच्या अंगठ्याने जमिनीवर दाबलं आणि दुसरं त्या तळव्याला नेऊन लावलं. ती आकडे नीट वाचेपर्यंत कमळाताईंनी हात तसाच धरून ठेवला.